लांबून दिसणारं हसू

४ फेब्रुवारी

दादा,

तुझं प्रवचन ऐकलं. आईने आणि मी बरोबरच ऐकलं, स्वयंपाकघरात, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून. आई भाजी निवडत होती. "तुमच्या मुलाने किती सुंदर सांगितलंय," असं लिहून समोरच्या घरातल्या बाईंनी तिला पाठवलं होतं. आता ते सगळ्यांनाच सगळे पाठवतायत. मला चौघांकडून आलं आणि चौघांनीही खाली हात जोडले होते.

तू त्यांना 'एक विनोदी नट' म्हणालास. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. एका नाटकात त्यांनी मामाचं काम केलं, ते इतकं चाललं की त्यांची बायकोही त्यांना मामा म्हणायला लागली आणि त्या भरात ती बिचारी स्वतः मामी झाली. सतरा वर्षं मी त्यांच्या चेहऱ्याला रंग लावला. मी पोटासाठी काय करते हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकले आणि नाट्यगृहाच्या रंगपटात लोकांची तोंडं रंगवते. मामा म्हणायचे, "तुझ्या शिक्षणाचा उपयोग एवढाच, की तुला माहितीये हे सगळं खोटं आहे."

मामांनी स्वतःचा जीव घेतला. त्यावर तू म्हणालास, "ज्याने जगाला हसवलं त्याला स्वतःचं ओझं उचलता आलं नाही. असा जीव पळपुटा. पलीकडे त्याला दार उघडत नाही. तो उंबऱ्यावर घुटमळत राहतो, ना इकडचा ना तिकडचा." मग तुझ्या मागच्या पडद्यावर तो फोटो आला, अंत्यदर्शनातला. तू म्हणालास, "हा चेहरा पाहा. मरणालासुद्धा याचा मुखवटा उतरवता आला नाही." समोरचे लोक हसले. मी व्हिडिओ मागे नेऊन ते हसणं पुन्हा ऐकलं, कारण मला वाटलं, तूही हसलास की काय. तू नाही हसलास. तू थांबलास, त्यांचं हसून होईपर्यंत. मामाही असेच थांबायचे.

तो मुखवटा मी केला, दादा. मुद्दाम नाही. मामी म्हणाली, "त्यांना नीट कर." मी त्यांना रंगपटात नेलं, नेहमीच्या आरशासमोर, नेहमीच्या बल्बांखाली, आणि माझा हात नेहमीच्या क्रमाने चालला. आधी बेस, मग डोळ्यांखालचं, मग पेन्सिल. मामांच्या ओठांचे कोपरे मुळात खाली झुकलेले होते. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ते दुःखी दिसू नयेत म्हणून मी रोज त्या कोपऱ्यांपासून वर जाणाऱ्या दोन रेघा काढायचे. लांबून पाहिलं की वाटायचं, हा माणूस आता हसणार. त्या दिवशीही काढल्या. त्यांना रंगमंचावरच ठेवलं होतं, पण स्पॉट बंद आणि सभागृहातले साधे दिवे चालू. लोक हातभर अंतरावरून जात होते. हातभर अंतरावरून त्या फक्त दोन काळ्या रेघा असतात. जत्रेतल्या बाहुल्यासारखे दिसत होते ते. मला कळलं तेव्हा रांग सुरू झाली होती.

आता मुख्य. प्रवचन संपल्यावर आईने निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. मग म्हणाली, "म्हणजे हेही तिथेच असतील?"

आईच्या तोंडी 'हे' म्हणजे कोण ते तुला सांगायला नको. बाबांना झटका आला असं आपण लोकांना सांगितलं. इतकं सांगितलं की डॉक्टरांनी विचारलं तर मीच 'वडिलांना हृदयविकार' असं सांगून येते. ते तसे गेले नाहीत हे फक्त आपल्या तिघांना माहीत आहे. त्या तिघांपैकी एकाने परवा हजारो लोकांसमोर सांगितलं की अशा माणसाला दार उघडत नाही. आणि ते दुसरीने भाजी निवडताना ऐकलं.

ते प्रवचन काढ. ते जमत नसेल तर आईला फोन कर आणि सांग की तसं काही नसतं. यापलीकडे माझं मागणं नाही.


१३ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या कार्यालयाचं उत्तर आलं, टाइप केलेलं. "आपली भावना पूज्यांच्या चरणी पोहोचवण्यात आली आहे. सोबत 'शोकातून मुक्ती' ही पुस्तिका पाठवत आहोत." मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आमच्या गणिताच्या बाई शून्याला पूज्य म्हणायच्या." मला हसू आलं, तिला आलं नाही.

तिने संध्याकाळचं जेवण सोडलंय. आधी मला वाटलं, भूक नसेल. मग सकाळचा चहा सोडला, मग एक दिवसाआड पूर्ण उपास. तिला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, हे तुझ्या कार्यालयाला कळवून ठेव. परवा बाथरूमच्या दारात तिला चक्कर आली. मी पकडलं म्हणून डोकं वाचलं, कोपर फुटलं. डॉक्टर मला ओरडले, मी तिला ओरडले. "हे काय चालवलंयस?"

ती म्हणाली, "साठवतेय."

"काय साठवतेयस?"

"पुण्य. यांना कमी पडलं असेल तर माझं त्यांच्या नावावर करता येतं का, तेवढं दादाला विचार. तो त्यातला आहे."

घर नावावर करावं तसं. पण तिने विचारायला सांगितलंय, म्हणून विचारते. करता येतं का? येत असेल तर किती दिवस उपाशी राहिल्यावर तो उंबऱ्यावरचा माणूस आत घेतला जातो? तुमच्याकडे काहीतरी हिशेब असेलच.

हे वाक्य खोडणार होते. ठेवलं.

मला सध्या सगळ्याचीच किळस येते. रांगेतल्या लोकांची येते. एकजण च्युइंगम चघळत पुढे आला, मामांच्या पायांशी वाकला आणि वाकलेल्या अवस्थेत त्याने फोटो काढून घेतला. एका बाईने मला विचारलं, "कशाने गेले, खरं खरं सांगा," आणि खरं खरं म्हणताना तिने ओठ चाटले. वाहिनीवाल्यांनी मला माझी रंगाची पेटी घेऊन दारातून पुन्हा आत यायला लावलं, कारण पहिल्यांदा मी कॅमेऱ्याकडे पाहिलं होतं. मी पुन्हा आत आले. तेव्हा मला किळस का नाही आली, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. तेव्हा मी फक्त विचार करत होते की कोणत्या खांद्यावर पेटी बरी दिसेल.

संध्याकाळपर्यंत फोटो पसरला. 'मेल्यावरही नाटक.' 'भेकड.' 'बायकोने रंगवून पाठवलं.' शेवटचं वाचून मी मॅनेजरला म्हटलं, आपण जाहीर करू की चूक माझी आहे. नाट्यगृहाचा मॅनेजर व्यवहारी माणूस. म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला मध्ये पडता? दोन दिवसांत लोकांना दुसरं कोणीतरी मिळेल." त्यांना दुसरं कोणी मिळण्याआधी तू मिळालास. तू त्यांच्या शिव्यांना शुद्ध भाषा दिलीस. आता तेच लोक तेच म्हणतात, फक्त हात जोडून.

किळस आली की मला स्वतःचाच संशय येतो. किळस आली की माणूस आपोआप स्वच्छ ठरतो, काही न करता. तुला पत्र लिहून झालं की मला अंघोळ केल्यासारखं वाटतं. हे चांगलं लक्षण नाही.

आईला फोन कर.


२२ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या हातचं अक्षर कितीतरी वर्षांनी पाहिलं. अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं, बाबांसारखं. मजकूर छोटा आहे म्हणून बरं. शिकवण नात्यासाठी बदलता येत नाही, हे समजलं. करुणा म्हणजे गोड बोलणं नव्हे, हेही समजलं. पुण्याबद्दल तू लिहिलंस की प्रत्येकाला आपापलंच भोगावं लागतं, देवघेव होत नाही. म्हणजे आईचं उत्तर 'नाही' असं आहे. मी अजून तिला सांगितलेलं नाही.

पण शेवटची ओळ. "बाबांचा विषय पत्रात लिहीत जाऊ नकोस. इथे पत्रं आधी दुसरे उघडतात."

मी कागद टेबलावर ठेवला आणि हात धुऊन आले. खरंच धुतले, साबण लावून. नंतर स्वतःशीच चिडले, कारण कागदाचा काय दोष.

दादा, व्यासपीठावरून तू म्हणतोस की सत्य कडू असलं तरी गिळावं. दुसऱ्याच्या घरातलं तू हजारोंना गिळायला लावलंस. आपल्या घरातलं तुझ्या कारकुनालासुद्धा कळता कामा नये.

मी रागाने पुन्हा प्रवचन लावलं, तुझी आणखी खोट काढायला. कानाला लावून, आई झोपलेली असताना, दुपारी. आणि एक गोष्ट ऐकू आली जी आधी आली नव्हती. तू मामांबद्दल बोलताना म्हणतोस, "मागे राहिलेल्यांचा त्याने विचार केला का? शिकणारा मुलगा, शाळेत जाणारी मुलगी?" मामांना मूलबाळ नव्हतं, दादा. सगळ्या पेपरांत छापून आलं होतं. तुझ्या समोरच्या एकालाही ते खटकलं नाही. शिकणारा मुलगा तू होतास. शाळेत जाणारी मुलगी मी.

तू त्या नटाला बोलतच नव्हतास. बाबांना बोलत होतास, जे घरात बोलता आलं नाही ते, माइकवरून. त्या वाक्याला तुझा आवाज थोडा वर जातो, मग तू पाणी पितोस. लोकांना वाटलं असेल, किती कळकळ.

मला तुझी दया यायला हवी होती. नाही आली. थोडी येऊ लागली की आईचं कोपर आठवतं. प्रामाणिकपणे लिहायचं तर एवढंच लिहिता येतं की आता तुझ्याबद्दल नुसती किळस वाटत नाही. त्यात काहीतरी मिसळलंय, आणि ते मला आवडलेलं नाही.

आईचा उपास चालू आहे. दोन्ही पाय सुजलेत.


१ मार्च

दादा,

काल मामी आली. फोन न करता, दुपारी, हातात बिस्किटाचा पुडा. मला वाटलं, लोक काय बोलतात ते सांगून रडेल. ती खुर्चीत बसली, चप्पल काढली, पायाची बोटं हलवली आणि म्हणाली, "तू त्यांचं तोंड तसं का केलंस?"

मी सांगितलं. हाताची सवय, शेवटची रांग, दिवे. सगळं.

"मला वाटलं, मुद्दाम केलंस. चांगल्यासाठी."

"नाही मामी, चुकून."

"मला नाही आवडलं." ती अगदी सहज म्हणाली. "घरी ते तोंड पाडून बसायचे. तासन्‌तास. तो चेहरा मी एकटीने पाहिलाय. मला वाटलं होतं, एक दिवस तरी तो सगळ्यांना दिसू दे. म्हणून तुला म्हटलं, नीट कर. नीट म्हणजे रंग न लावता."

दादा, मला वाटत होतं माझी चूक म्हणजे जास्त रंग लावणं. तिने सांगितलेलं मला कळलंच नव्हतं. मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही, नाकारलीही नाही. म्हणाली, "पाणी दे."

पाणी आईने आणलं. भिंतीला धरत आली. मामीने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही. उपास."

"कशाचा?"

आईने तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला. मामी मग माझ्याशीच बोलू लागली, किंवा भिंतीशी. "भेटायला येतात ते सगळे एकच विचारतात. तुम्हाला कळलं कसं नाही? मी काय सांगू? आदल्या दिवशी त्यांनी बेसिनचा नळ दुरुस्त केला. सहा महिने गळत होता. मी मनात म्हटलं, आज बरं वाटतंय यांना. चहा केला, साखर जास्त घातली."

मग आई म्हणाली, "आमच्या यांनी इस्त्रीचे कपडे आणले."

मी आईकडे पाहिलं. ती मामीकडे पाहत होती.

"मीच पाठवलं होतं. घेऊन आले. एरवी पलंगावर टाकायचे. त्या दिवशी कपाटात लावले, चौघांचे चार वेगळे गठ्ठे. मी म्हटलं, आज सूर्य कुठे उगवला? ते हसले. मी दूध बघायला आत गेले." मग म्हणाली, "झटका नव्हता तो. आम्ही सांगतो झटका. आमच्या यांनीही तसंच केलं."

सव्वीस वर्षं, दादा. माझ्याशीसुद्धा ती हे बोलली नव्हती. गठ्ठ्यांचं मला माहीत नव्हतं. तुला होतं?

मामीने सांत्वन वगैरे केलं नाही. तिने विचारलं, "तुमचा मुलगा तो प्रवचनवाला ना?"

"हो."

"त्याला माहितीये?"

"त्यानेच आधी पाहिलं. कॉलेजातून आला होता."

मामीने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "अहो, मग तो पोरगाच उंबऱ्यावर राहिलाय."

आईचा चेहरा मी सांगू शकत नाही. चेहऱ्यांचं काम करूनही. मामीने पुडा फोडला, एक बिस्किट मोडलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं आईपुढे धरलं. "खा. उपाशी राहून कुणाचं काय झालंय? माझे हे तर वजन कमी करायचं म्हणून रात्रीचं जेवायचे नाहीत, मग फ्रीज उघडून उभे राहायचे." आई हसली. हसता हसता तिने ते अर्धं बिस्किट खाल्लं. मग मीच केलेला चहा प्यायली, माझ्या चहाला नावं ठेवत.

मामी गेल्यावर मी तिला तुझं उत्तर सांगितलं, की पुण्याची देवघेव होत नाही. ती म्हणाली, "बरं."


९ मार्च

दादा,

तुझ्या कार्यालयातून काल फोन आला तो मी घेतला. आवाज फार नम्र होता. आपल्या मातोश्री काहीबाही बोलतायत असं कानावर आलंय, वयोमानाने होतं, पण पूज्यांच्या नावाला धक्का लागू नये एवढं पाहावं. मी म्हटलं, त्यांचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे, आणि फोन ठेवून दिला.

काय झालं ते तुझ्यापर्यंत कसं पोहोचलं असेल कोण जाणे, म्हणून मीच सांगते. समोरच्या बाई आल्या होत्या, तुझ्या पुढच्या प्रवचनाचं सांगायला. "तुमचं भाग्य हो, असा मुलगा," म्हणाल्या. आई म्हणाली, "मागच्या वेळी तो माझ्या नवऱ्याबद्दल बोलत होता." बाईंना कळेना. आईने त्यांना बसवलं आणि सांगितलं, दोन वाक्यांत. बाई चहा अर्धा टाकून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात लोक माझ्याकडे पाहून आवाज खाली आणतात. खालच्या दुकानदाराने मला सुटे परत देताना पहिल्यांदाच डोळे वर केले नाहीत. मामांच्या रांगेत पाहिलेली तीच नजर. आता ती आमच्या दारात उभी असते.

आईला फरक पडत नाही. मला पडतो. मला त्यांची किळस येते, आणि काल आरशात पाहिलं तर माझं तोंड त्या च्युइंगमवाल्याकडे पाहताना झालं होतं तसंच झालेलं. ते तसंच घट्ट बसायच्या आत काहीतरी करायला हवं. आज मी मॅनेजरला न विचारता पेपरात पत्र दिलं, की मामांच्या चेहऱ्यावरच्या रेघा माझ्या होत्या, त्यांच्या बायकोला रंग नको होता आणि तो मी लावला. छापतील का माहीत नाही.

आई दोन्ही वेळा जेवते. पायांची सूज उतरतेय.

तुला प्रवचन काढायला मी पुन्हा सांगणार नाही. आईने काय सांगितलंय ते लिहिते आणि थांबते. ती शेजारी बसून बोलतेय, मी शब्द बदललेले नाहीत. मध्ये दोनदा ती म्हणाली, "हे नको लिहूस," तेवढं गाळलंय.

"त्याला लिही, पुण्याचं विचारलं होतं ते राहू दे. मी ठरवलंय. जिथे हे असतील तिथे मी जाणार, उंबरा तर उंबरा. वारा तरी लागत असेल. तू एवढं सगळं पाळतोस, तुला नक्की आत घेतील. पण आत तुझ्या ओळखीचं कोणी नसेल रे. तुला लहानपणापासून अनोळखी घरी झोप येत नाही. तेव्हा मी आहे तोवर एकदा इकडे ये. त्या दिवशी दार तू उघडलंस, मी दुधापाशी होते. तू काय पाहिलंस ते मी आजवर तुला विचारलं नाही. ये, मला सांग. मी ऐकेन."